सारसोळ्याची हळद आणि माझी मुकी लेन्स

नवी मुंबईचं प्रवासवर्णन लिहितेय म्हटल्यावर आमच्या मिरजेतल्या मैत्रिणी खो-खो हसल्या. "तिथं बघायचं काय? इमारती? मग सांगलीचा नवा मॉल बघून ये की!" जाण्यापूर्वी मीही असंच म्हणत होते. चार दिवसांसाठी गेले, परत आले, आणि नंतर एकदा पुन्हा जावं लागलं. त्यातलं बरंचसं सांगताना मला लाज वाटते. पण निम्मंच सांगायचं, चांगलं चांगलं तेवढं वेचून सांगायचं, तर मग लिहूच नये.

मी कोण ते आधी सांगते. मिरजेत माझी पॅथॉलॉजीची लॅब आहे. आयुष्याची निम्मी वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून गेली. काच सरकवायची, चक्र फिरवायचं, पेशी लख्ख दिसली की मगच पुढचं बोलायचं. त्यामुळे फोकस ही आपल्या हातातली गोष्ट आहे, असा माझा पक्का समज होता. सांगलीतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथल्या दोन लेन्स मी घरी आणल्या, एक पन्नास मिलिमीटरची, जवळचं टिपणारी, आणि एक दोनशेची, लांबचं जवळ आणणारी. नव्या मिररलेस कॅमेऱ्याला त्या थेट बसत नाहीत. मधे ॲडॅप्टर नावाचं धातूचं कडं घालावं लागतं. फोकस हातानं फिरवायचा, उजेड किती घ्यायचा तेही हातानंच. आमचे हे त्या लेन्सना 'तुझं भंगार' म्हणतात.

या जुन्या लेन्सची एक खोड आहे. नवी लेन्स लावली की ती कॅमेऱ्याला आपलं सगळं सांगते. जुनी मुकी असते. ती पन्नासची की दोनशेची, हे आपण मेनूत जाऊन आकडा घालून कॅमेऱ्याला सांगायचं. त्या आकड्यावर विसंबून कॅमेऱ्याच्या पोटातलं यंत्र आपल्या हाताची थरथर सावरून घेतं. आकडा चुकला तर नको तितकं सावरायला जातं आणि होतं ते चित्रही हलवून ठेवतं. हे मला पाठ होतं. मिरजेतल्या फोटोवेड्यांच्या ग्रुपवर मीच ते सगळ्यांना समजावून सांगायचे.

नेरूळ

माझी मावसबहीण सुनंदाताई नेरूळला सातव्या मजल्यावर राहते. तिथं पत्ता सांगायची तऱ्हा वेगळीच. आमच्याकडे "दर्ग्याच्या अलीकडं, तंबोरेवाल्यांच्या बोळात, कुणालाही विचारा" एवढ्यावर माणूस पोचतं. इथं सेक्टर, प्लॉट, विंग, फ्लॅट असे नुसते आकडे, आणि कुणालाही विचारलं तर "आयडिया नाय" असं उत्तर. खाली वॉचमननं माझ्या पिशव्यांकडे आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून "कुठल्या चॅनलवाल्या?" विचारलं. मी मनातून सुखावले, हेही कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना आली. वंदना सारसोळ्याची कोळीण. नेरूळचे सेक्टर उठण्याआधीपासून तिचं गाव खाडीच्या काठाला आहे. गेली कित्येक वर्षं ती सुनंदाताईकडे मासळी घेऊन येते. सोसायटीनं मध्यंतरी मासळीवालीला मोठी लिफ्ट बंद केली होती, तेव्हा आमच्या ताईनं मीटिंगमध्ये असा आवाज लावला की चेअरमननी हात जोडले. वंदना सरळ स्वयंपाकघरात शिरली, फरशीवर बसली आणि बोलता बोलता बोंबील साफ करायला लागली.

"ह्या तुमच्या मिरजेच्या भैन ना? तिकडं मासली भेटते का?"

"भेटते, पण नदीची. आणि ही खात नाही," सुनंदाताईनं माझी अब्रू काढली.

"नाय खात? मंग जगते कशी?" वंदनाचा प्रश्न खरोखरचा होता.

त्या दुपारी मी बोंबील खाल्ले. तांदळाच्या भाकरीबरोबर, रव्यात घोळवून तळलेले. आमच्याकडे पाहुण्याला एवढं मऊ काही वाढलं तर ते कच्चं राहिलं म्हणतील. मी तीन खाल्ले आणि चौथ्यावर नजर ठेवून बसले.

वंदनाचा फोटो काढावा म्हणून मी कॅमेरा उचलला, तर त्यानं संपच केला. पडद्यावर अक्षरं आली : लेन्स लावलेली नाही. मुकी लेन्स कॅमेऱ्याला दिसतच नाही, तेव्हा 'लेन्स नसली तरी फोटो काढ' असं त्याला आधी बजावून ठेवावं लागतं. बॅटरी बदलताना माझ्याकडून सेटिंग पुसलं गेलं होतं. वंदना वाकून बघत म्हणाली, "एवडं मोटं भिंग लावलंय समोर आनि याला दिसत नाय? माझ्या सासूसारकाच हाय." सगळ्या हसलो. ती कशी हसली ते मला आता आठवत नाही, कारण मी मेनूत डोकं घालून बसले होते.

सेटिंग जागेवर आल्यावर मी जरा जास्तच बोलले. या कॅमेऱ्याला आवाज नाही, फ्लॅश नाही, अंधाऱ्या खोलीत देवासमोरच्या निरांजनावरही फोटो येतो, मोबाईलच्या फोटोला ही सर नाही, वगैरे वगैरे. वंदनाचे हात थांबले.

"आवाज नाय? म्हंजी फोटो काढला त बाजूच्याला कलत पन नाय?"

"अजिबात नाही."

"परवा माझ्या प्रणालीची हलद हाय. तुमी या ताई. ह्यो क्यामेरा घेऊन या."

खाडीचा काठ

हळदीच्या दिवशी सकाळी मी पाम बीच रस्त्यापलीकडच्या पाणथळीवर फ्लेमिंगो बघायला गेले. तुम्ही कधी गेलात तर भरतीच्या वेळी जा. खाडीत पाणी चढलं की पक्षी या बाजूला येतात. समोर गुलाबी पक्ष्यांचा थर, मागं तिवरं, त्यांच्यामागं चाळीस मजल्यांचे टॉवर. काठावर जॉगिंगवाले काका पक्ष्यांकडे पाठ करून हात वर-खाली करत होते. मला भारी गंमत वाटली. आमच्याकडे कृष्णेत एक चित्रबलाक उतरला तरी पेपरात फोटो येतो.

मी दोनशेची लेन्स लावली, मेनूत दोनशे आकडा घातला, आणि चक्र हळूहळू फिरवत एकेका चोचीवर फोकस आणला. पक्षी उडाले तेव्हा पंखाखालचा काळा आणि लाल पट्टाही मिळाला. नादात पाय चिखलात गेला आणि चप्पल तिथंच राहिली. एका पायात चप्पल आणि एका पायात चिखल अशी मी रस्त्यावर आले. जॉगिंगवाल्या एका काकांनी माझ्याकडे न बघण्याचं सौजन्य दाखवलं. सुनंदाताईचा फोन आला, "कुठं आहेस? वंदना दोनदा विचारून गेली, चल लवकर." रिक्षातच मी लेन्स बदलली. दोनशेची काढून पन्नासची लावली, धूळ फुंकली, टोपण शोधलं. आकडा बदलला नाही.

सारसोळे

सेक्टरांच्या सरळ रस्त्यांमधून रिक्षा आत वळते आणि एकदम गल्ल्या अरुंद होतात. घरांना रंग येतात, जवळा वाळत घातल्याचा वास येतो. मांडव गल्लीभर होता. बेंजो वाजत होता. मोठ्या कढईत वडे तळणं चाललं होतं. हे वडे म्हणजे आपले बटाटेवडे नव्हेत, तांदळाच्या पिठाचे, पुरीसारखे फुगलेले, मटणाच्या रश्श्याबरोबर खायचे. आमच्याकडे हळदीला मटण म्हटलं तर भटजी मांडवातून उठून जातील. इथं हळदीचा मान लग्नाहून मोठा. लग्नाला एखादा आला नाही तर चालतं, हळदीला आलाच पाहिजे.

ठरवलेला फोटोग्राफर गल्लीत ड्रोन उडवत होता आणि सगळी तरुण मंडळी माना वर करून त्याला हात हलवत होती. सुनंदाताईला बायकांनी वाढपाला ओढलं. मला प्रणालीनं हाताला धरून आतल्या खोलीत नेलं.

प्रणाली न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं बघणाऱ्या एका ऑफिसात काम करते. चटपटीत मुलगी. तिचं म्हणणं तिनं उभ्या उभ्या सांगितलं, "मॅडम, संध्याकाळी सगळ्यांसमोर हळद लागेल, ती लागेल. पन पहिली हळद मला मम्मीच्या हातची पायजे. पप्पा गेल्यापासून मम्मी कुनाच्याच हळदीला हात लावत नाय. तिला लावू देत नाय. म्हनून आत्ता, सगळे जेवायला बसलेत तोपर्यंत."

वंदना दाराशी उभी होती. लेकीनं आणलेली पिवळी साडी नेसलेली, पण पदर असा गच्च आवळलेला की कुणाचं तरी उसनं नेसल्यासारखं वाटावं. "प्रणू, कोनी बगल गो. तुझी आत्याबाय बगल."

"बघू दे. टेन्शन नको घेऊ. माझी हळद हाय."

आमच्याकडे तरी दुसरं काय आहे? विधवेला हळद लावू नको असं आम्ही तोंडानं म्हणत नाही. नेमकं त्याच वेळी तिला स्वयंपाकघरात काहीतरी आणायला पाठवतो, एवढंच. मी स्वतः असं कितीजणींना पाठवताना पाहिलंय आणि गप्प बसलेय.

खोलीत एक छोटी खिडकी, तीही तट्ट्यानं झाकलेली. उजेड अगदीच थोडा. भिंतीला टेकून काशीबाय बसली होती. ती धवलारीण, म्हणजे लग्नातली धवल्याची गाणी म्हणणारी. इथं भटजीआधी तिचा मान, हळदीपासून तिच्या गाण्याशिवाय पुढचं काही होत नाही. ती गाताना डोळे मिटूनच घेते. प्रणालीच्या एका मैत्रिणीनं मोबाईल काढला तर वंदना घाबरून म्हणाली, "मोबाईल नको, बाय. दुपारी काढला का संध्याकाली पार दिवाले गावापरत फिरतो. ह्या ताई काढतील. त्यांच्या क्यामेऱ्याला आवाज नाय." आणि मी, माझं तोंड कुणी धरलं होतं का, वर म्हणाले, "हो, मोबाईल नकोच. त्याच्या उजेडानं सगळं बिघडतं." मैत्रीण बिचारी मोबाईल घेऊन बाहेर गेली.

काशीबायनं सूर लावला. वंदनानं वाटीत बोटं बुडवली. प्रणालीनं डोळे मिटून चेहरा वर केला. मी हातभर अंतरावर गुडघे टेकून बसले.

त्यानंतर जे घडलं ते मला असं आठवतं. माझ्या कॅमेऱ्यात जिथं फोकस नेमका बसतो तिथं कडांवर लाल रेषा उमटते. मी त्या लाल रेषेमागं होते. ती बोटांवर आली, मग प्रणालीच्या गालावर, मग वंदनाच्या नथीच्या जागी असलेल्या रिकाम्या भोकावर. हळदीचा रंग त्या अंधारात असा काही उजळला होता की मला वाटलं, आमच्या ग्रुपच्या वार्षिक प्रदर्शनात पहिला हाच. होय, हे मी त्या क्षणी मनात म्हटलं. चित्र मधूनच किंचित तरंगत होतं. मला वाटलं, माझेच डोळे भरून आले. स्वतःच्या हळवेपणाचं मला कौतुकही वाटलं.

वंदनाच्या मागं दारात सावली पडली. प्रणालीची आत्याबाय, म्हणजे वंदनाची नणंद, उभी होती. तिला दिसत होती ती वंदनाची पाठ आणि हलणारे खांदे.

"वंदने! हलदीत रडतंस? हलदीत पानी पाडतंस? पोरीचा घोव समिंदरात जानारा हाय, तुना कलतं का कय?"

नवरा मुलगा उरणचा, पोर्टात पायलटबोटीवर कामाला. काशीबायचा सूर तुटला. वंदना वाटी ठेवून मागच्या दारानं गेली. प्रणाली उठून आत्याबायशी भांडायला लागली, बाहेरच्या बेंजोत कुणाला काही ऐकू गेलं नाही. मी कॅमेऱ्याच्या मागच्या बोटभर पडद्यावर फोटो पाहिला. पिवळा, सोनेरी, सुंदर. मोठा करून पाहिला नाही. लॅबमध्ये पोरींनी असं केलं असतं तर मी त्यांना घरी पाठवलं असतं.

संध्याकाळची हळद थाटात झाली. वंदना पडवीच्या टोकाला वडे मोजून ताटात टाकत होती. निघताना तिनं माझा हात धरला. "आला ना ताई फोटो?"

"फार सुंदर आलाय," मी म्हणाले.

मिरज

घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर उघडले. एकूण एक फोटोत प्रत्येक भुवई दुहेरी. वंदनाचा चेहरा म्हणजे हळदीच्या रंगाचा डाग, ओठांच्या जागी आडवा फराटा. मेनू उघडला. आकडा दोनशेच. कॅमेऱ्यानं पन्नासच्या लेन्सला दोनशेची समजून सावरलं होतं, इमानेइतबारे, मी सांगितलं तसं. उन्हात हे खपून गेलं असतं. त्या अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचं शटर इतका वेळ उघडं होतं की सगळं हललं. तरंगत होतं ते चित्र होतं. माझ्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं.

यांना दाखवलं. हे बराच वेळ बघत राहिले आणि एकदाही 'भंगार' म्हणाले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं.

वंदनाला आज कळवू, उद्या कळवू करत दोन आठवडे गेले आणि तिचाच फोन आला. आवाज दबका. आत्याबायनं गावात सांगितलं होतं की रांडाव आईनं हळदीत डोळ्यांतलं पाणी सांडलं. ते उरणला पोचलं. प्रणालीच्या सासूनं अजून काही म्हटलं नव्हतं, पण लग्नानंतरच्या आठवड्यात जावयाचा हात बोटीवर दोरात सापडून सोलवटला, आणि आत्याबाय म्हणाली, बघा. आता जन्मभर त्या घरात काही खुट्ट झालं की बोट वंदनाकडे.

"ताई, मी रडले का गो? मना खरंच आठवत नाय. मना येवडंच आठवतं, पोरीचं गाल गरम व्हतं. प्रणूचं त डोलं बंद. काशीबायचं पन. तुमच्या फोटोत दिसल ना. तो पाठवा. मी आत्याबायला दाकवते."

मी म्हणाले, "काम चालू आहे, पाठवते."

फोन ठेवला आणि डोळे मिटून आठवायला बसले. हातभर अंतरावर होते मी. तिच्याकडे एवढं टक लावून त्या दिवशी दुसरं कुणी बघत नव्हतं. आणि ती रडत होती की हसत होती, हे मला सांगता येईना. लाल रेषा आठवते. पिवळा रंग आठवतो. नाकाचं भोक आठवतं. चेहरा नाही. मला माझी एवढी लाज कधीच वाटली नव्हती. फोटो बिघडला ते एक वेळ परवडलं असतं. मी बाईकडे बघितलंच नव्हतं.

लॅबमध्ये काच अस्पष्ट आली तर आम्ही रिपोर्ट देत नाही, पेशंटला पुन्हा बोलावतो. इथं पुन्हा कुणाला बोलावणार?

अस्पष्ट फोटो धारदार करून देणारी ॲप्स हल्ली मिळतात. खरं तर ती धारदार करत नाहीत, जे दिसत नाही ते अंदाजानं नवं काढतात. हेही मला माहीत होतं. मी तो फोटो त्यात घातला. पहिल्या वेळी आली ती ओठ मिटलेली वंदना, डोळ्याखाली काहीतरी चकाकणारं. अश्रू म्हणा, ओल्या हळदीचा थेंब म्हणा. पुन्हा बटण दाबलं. आता ओठांचे कोपरे वर गेले होते. डोळे मोठे, पापण्या रेखीव, आणि चेहऱ्यावर शांत हसू. दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत ती खरी वाटत होती, आणि दोन्हींतली एकही मी पाहिलेली नव्हती.

मी हसरी निवडली. मोठी प्रिंट काढली, चांगल्या चौकटीत बसवून पाठवून दिली. तिच्या भल्यासाठी, असं स्वतःला म्हणत राहिले. खरं सांगायचं तर निम्मं माझ्या अब्रूसाठी होतं.

पुन्हा सारसोळे

सांगून टाकायचं ठरवून मी महिन्याभरानं पुन्हा नेरूळला गेले. कॅमेरा नेला नाही. सुनंदाताईला आदल्या दिवशी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी तुझ्या तोंडून तिला कळू दे. मी मध्ये पडणार नाही." आम्ही दोघी चालतच सारसोळ्याला निघालो. माझ्या पर्समध्ये मूळ फोटोची छोटी प्रिंट होती, ती हललेली.

वंदनानं आम्हाला दारातूनच ओढून आत घेतलं. खास वडे केले होते, कोलंबीचं कालवण होतं. समोरच्या भिंतीवर माझी चौकट. खाली सतरंजीवर आत्याबाय बसली होती. वंदनानं तिला मुद्दाम आजच बोलावलं होतं.

"आता बगा आत्याबाय. ह्याच त्या मिरजेच्या ताई. बगा, रडते का मी?"

आत्याबाय चौकटीकडे बघत राहिली. मग मान उडवली. "फोटोचा मना नको सांगूस. माझा नातू मोबाईलवर मेलेल्या मानसाला नाचवतं. फोटो कयपन करतान आता." तिनं माझ्याकडे बोट केलं. "ही बाई समोर व्हती. मी पाठी व्हते, मना खांदं दिसलं. हिना तोंड दिसलं असल. ही सांगल त मी मानीन. उरनला पन जाऊन मीच सांगीन."

सुनंदाताई माझ्याकडे बघत नव्हती. वंदना बघत होती. मी तिच्या बाजूनं बोलावं एवढंच तिच्या नजरेत नव्हतं. त्या दोन-चार क्षणांत आपण काय केलं हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सांगा ताई. तुमी त समोरच व्हत्या."

पर्समधल्या प्रिंटवर माझा हात होता. ती काढून दाखवली असती तर दिसला असता एक डाग, आणि डागावर आत्याबायनं हवं ते वाचलं असतं. मला काही दिसलं नाही असं म्हटलं असतं, तर तेही तिनं वाचलं असतं. मी हात बाहेर काढला.

"हसत होती," मी म्हणाले.

"देवाशपत?"

"देवाशपथ."

"मंग बरा," आत्याबाय म्हणाली आणि ताट पुढं ओढलं. "मंग सांगते मी उरनला."

वंदना हसायला लागली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखी, आवाज करून, पदर तोंडाशी नेत. मी पहिल्यांदा तिचं हसणं नीट पाहिलं. हसताना तिचा डावा डोळा पूर्ण मिटतो आणि पुढचा तुटका दात दिसतो. भिंतीवरची बाई दोन्ही डोळे उघडे ठेवून हसत होती.

आत्याबायनं वंदनाकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग बराच वेळ माझ्याकडे. तिनं वडा मोडला आणि कालवणात बुडवला.

"ताई, घ्या ना. थंड व्हते," वंदना म्हणाली, आणि मी खाली मान घालून जेवायला लागले.